चावीवाला

पहाटे पावणेपाचला
टी आकाराची लोखंडी चावी खांद्यावर टाकून
बावीस वर्षं मी या वस्तीला पाणी सोडलं.
साडेअकरा आटे उघडायचे.
बारावा फिरवला
की खालच्या गल्लीत फवारा आणि वरच्या गल्लीत शिव्या.
सांगलीच्या नकाशात ही वस्ती नव्हती,
माझ्या मनगटात होती.

भांड्याच्या आवाजावरून घर सांगायचो मी.
सुगंधा वायदंडेचा डालड्याचा डबा, ठणठणीत.
खैरुन मुजावरची पोचा पडलेली कळशी,
भरत आली की सूर चढवायची.
आणि यमाजी घिसाड्याची बादली,
जिच्यात तो लालभडक कुऱ्हाड बुडवायचा,
चर्र!
गजराचं घड्याळ कुणाकडेच नव्हतं.

मग मोजणी आली.
महापालिकेची पोरं, गळ्यात पट्टे, हातात गेरूचा डबा.
दारादारावर आकडे पडले.
यमाजीच्या झोपडीला दार नव्हतं, गोणपाट होतं.
मगदूम साहेब म्हणाले, "भात्यावर लिहा."
भात्यावर एकशे अठरा.

सोडत नाट्यगृहात निघाली.
चिठ्ठ्या काढायला खैरुनची नात उभी केली, दुसरीतली.
पिंपात हात घालण्याआधी तिनं विचारलं,
"बघून काढू का?"
सगळे हसले. साहेबसुद्धा.
वीस वर्षांचे शेजारी
चार मजल्यांवर चार दिशांना गेले तेव्हा वाटलं,
काढू द्यायला हवं होतं बघून.

इमारत खांबांवर उभी आहे.
खांबावर निळी रेघ: पुराचं पाणी इथवर आलं होतं.
माझ्या डोक्याच्या वर हातभर.
आयर्विनखालची फुटं मोजत
ज्यांनी रात्री काढल्यात, शाळेच्या बाकावर,
कोंबड्या मांडीत घेऊन,
ते इमारतीला नावं ठेवत नाहीत.
मीही ठेवत नाही.
सुगंधानं पहिल्या दिवशी तासभर अंघोळ केली,
आतून कडी लावून,
वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.
बाहेर येऊन म्हणाली, "पाणी संपलं का रं दादा, लई वापरलं मी?"
नाही म्हणालो. संपलं होतं.

रस्त्याकडेला, चौथऱ्यावर, बारा गाळे.
वर फलक, आर्थिक विकास केंद्र.
पूर आला तर गाळे बुडतील, माणसं नाही.
हिशेब बरोबर आहे.
यमाजीला गाळा नंबर सात.
करार मीच वाचून दाखवला.
कलम चार, धूर, जाळ, ठिणगी होईल असा धंदा करू नये.
तो म्हणाला, "परत वाच."
परत वाचलं.
"अंगठा कुठं?" एवढंच म्हणाला मग.

आता त्यानं कंपनीचे विळे टांगलेत, प्लास्टिकच्या मुठीचे.
गिऱ्हाईक अंगठ्यानं धार बघतं
तेव्हा तो रस्त्याकडे तोंड करून बसतो.

मला आता पंपाचं बटण दिलंय. हिरवं चालू, लाल बंद.
फाटकाजवळचा एक व्हॉल्व्ह तेवढा जुना राहिला,
आणि गेल्या महिन्यात चावीचं तोंड झिजून गोल झालं.
नुसतीच फिरायला लागली.
भांडारात म्हणाले, निविदा काढू, तीन महिने धरा.

रात्री दोनला सात नंबरचं शटर
आम्ही दोघांनी हळू, फडक्यानं धरून उचललं.
विळ्यांमागून भाता निघाला. गेरू पुसट, आकडा शाबूत.
पंपामागे खड्डा, कोळसा,
कलम चार पुरतं मोडलं.
यमाजी एक शब्द बोलला नाही.
घण मी मारला, चुकलो की तो नुसता माझ्याकडे बघायचा.
मग चिमट्यात धरून चावी
पंपाच्या बादलीत.

चर्र.

वर तिसऱ्या की चौथ्या मजल्यावर एक दिवा लागला.
कुणाचा, ते मला सांगता आलं नाही.